सरावात 555, स्पर्धेत 535: पिस्तूल बदलायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सव्वा वर्षापासून 10 मीटर एअर पिस्तूल, क्लबचेच पिस्तूल वापरून. रोज साधारण शंभर छर्रे. सरावात 60 शॉट्सना 555 पर्यंत स्कोअर जातो, पण जिल्हा आणि राज्य स्पर्धेत 535 च्या आसपास अडकतो. गोळ्या बहुतेक डावीकडे-खाली जातात. आता दीड लाखाच्या पुढचे स्वतःचे पिस्तूल घ्यावे, की आधी महागडे छर्रे घेऊन पाहावे? पुढे नेमबाज राही सरनोबतसारखे 25 मीटर पिस्तूलकडे जायचे आहे, तर परदेशी नेमबाज करतात तशा गोळ्या स्वतः भरून खर्च वाचवता येईल का?

पिस्तूल आत्ता घेऊ नका, छर्रे बदलून वीस गुण येणार नाहीत, आणि गोळ्या घरी भरण्याचा विचार सोडून द्या. तिन्हींची कारणे सांगतो, पण त्याआधी तुमचा खरा प्रश्न वेगळा मांडायला हवा. तो पिस्तुलाचा नाही. सरावात तुम्ही जे करता आणि स्पर्धेत तुमच्याकडून जे मागितले जाते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी तुम्हाला उभे राहताना, पिस्तूल उचलताना पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. क्लबचे पिस्तूल रोज एकच मिळते की जे मोकळे असेल ते? त्यावर आणखी कितीजण हात ठेवतात? चष्मा आहे का? याची उत्तरे वेगळी असतील तर सल्ल्याचा क्रम थोडा बदलेल, गाभा नाही.

आधी आकडे नीट वाचा. 555 हा तुमचा सर्वोत्तम स्कोअर आहे, सरासरी नाही. सरावात पहिल्या दोन सिरीज (दहा शॉट्सची एक) खराब गेल्या की बहुतेकजण 'आज नुसता सराव' म्हणून स्कोअर मोजणे सोडतात, आणि चांगला दिवस असेल तेव्हाच साठ शॉट्स पूर्ण मोजतात. स्पर्धेतला 535 मात्र मोजलाच जातो. पुढच्या दहा वेळा असे करा: 15 मिनिटे तयारी आणि सायटर (न मोजले जाणारे सुरुवातीचे शॉट्स), मग 60 शॉट्स, 75 मिनिटे, मधे काहीही झाले तरी थांबायचे नाही, आणि प्रत्येक सिरीज वहीत उतरवायची. माझा अंदाज आहे की सरासरी 540 ते 545 निघेल. म्हणजे सराव आणि स्पर्धा यांतली दरी वीसची नसून पाच-दहाची असेल, आणि तेवढी दरी या पातळीवर स्वाभाविक आहे. उरलेले दहा-पंधरा गुण तुमच्याकडे अजून आलेलेच नाहीत.

आता ते गुण जातात कुठे, ते टार्गेटच्या मापांतून पाहू. 10 ची रिंग 11.5 मिलिमीटर व्यासाची असते, छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्रा रेषेला शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणून छर्‍याचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत असला की 10, आणि 16 मिलिमीटरच्या आत असला की 9. पुढची प्रत्येक रिंग आणखी 8 मिलिमीटरने वाढते. 540 म्हणजे प्रत्येक शॉटला सरासरी 9. एवढा स्कोअर करणार्‍याचे साधारण निम्मे शॉट्स 9 असतात, पावापेक्षा थोडे जास्त 10, आणि उरलेल्यांत 8 आणि अधूनमधून 7. स्कोअर खाली ओढतात ते हे शेवटचे.

हा 7 येतो कसा? नवीन नेमबाजाला वाटते की हात हलला म्हणून. हात हलतो हे खरे, सगळ्यांचाच हलतो. पण हात सरळ रेषेत 5 मिलिमीटर बाजूला सरकला, साइट्स (नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच) एकमेकींशी जुळलेल्याच राहिल्या, तर टार्गेटवरही गोळी 5 मिलिमीटरच सरकते. तो शॉट अजून 10 असू शकतो. उलट फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत फक्त पाव मिलिमीटर बाजूला गेली तर काय होते? दोन साइट्समधले अंतर साधारण 32 सेंटिमीटर धरा. 10 मीटरवर ती चूक तीसपटीने वाढते, म्हणजे जवळपास 8 मिलिमीटर: पूर्ण एक रिंग. अर्धा मिलिमीटर गेली तर दोन रिंग. अर्धा मिलिमीटर डोळ्याला जेमतेम दिसतो, आणि तोही नजर फ्रंट साइटवर असेल तरच. नजर टार्गेटवर गेली की साइट्स धूसर होतात, चूक दिसतच नाही, आणि छान धरलेल्या हातातून 7 जातो. 'इतका स्थिर होतो, तरी 7 कसा?' या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

म्हणून एअर पिस्तूलमध्ये काळ्या गोलाचा मध्य नव्हे, तर त्याच्या खालच्या पांढर्‍या पट्टीतला एक भाग धरायचा असतो. साइट्स त्या भागात हलत राहतील, त्यांना हलू द्यायचे. काळा गोल धूसरच दिसला पाहिजे. तो स्वच्छ दिसू लागला की समजा, नजर पळाली. 'आता बरोबर 10 वर आले' असे पाहून ट्रिगर ओढणारा नेहमी उशीर करतो, कारण डोळ्याने पाहून बोटाने कृती करायला साधारण दोन दशांश सेकंद लागतात, आणि तेवढ्यात साइट्स दुसरीकडे गेलेल्या असतात. वरून घाईने ट्रिगर ओढल्यामुळे साइट्स तिरक्याही होतात. दुहेरी नुकसान.

आता डावीकडे-खाली. तुम्ही उजव्या हाताने मारता असे धरतो.

पहिली तपासणी: हे शॉट्स एकत्र गोळा होऊन डावीकडे-खाली जातात, की बाकीचे मधे आणि काही मोजके तिकडे पळतात? सगळा ग्रुपच तिकडे असेल तर ती साइटची सेटिंग आहे. क्लबच्या पिस्तुलात हे रोजचेच, कारण तुमच्या आधी कुणीतरी साइट फिरवलेली असते. माहितीपत्रकात एका क्लिकला किती मिलिमीटर सरकते ते दिलेले असते, तेवढे मोजून दुरुस्त करा. मात्र ग्रुपमधून सुटून काही शॉट्स पळत असतील तर साइटला हात लावू नका. तिथे हात ट्रिगरच्या वेळी काहीतरी जास्तीचे करतो आहे.

ते 'जास्तीचे' सहसा दोन प्रकारचे असते. एक म्हणजे बोटाचे टोक ट्रिगरला सरळ मागे न ओढता डावीकडे ढकलते. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर हवा, आणि बोटाचा मुळाकडचा भाग ग्रिपच्या लाकडाला चिकटलेला नसावा. चिकटला असेल तर बोट वळताना सगळे पिस्तूल ढकलते. ट्रिगरचे पाते पुढे-मागे सरकवता येते, ते हाताच्या मापाने बसवा. दुसरे म्हणजे ट्रिगरबरोबर उरलेली बोटेही आवळली जातात आणि नळीचे तोंड खाली जाते. मुठीचा दाब उचलण्यापासून फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही तसेच धरून राहणे) संपेपर्यंत एकच राहिला पाहिजे. कमी-जास्त कितीही चालेल, बदल मात्र नको.

हे तपासायची सगळ्यात प्रामाणिक पद्धत अशी: जोडीदाराला मागे उभे करा. दर वेळी तो पिस्तूल भरून देईल किंवा छर्रा न घालता देईल, तुम्हाला कळता कामा नये. रिकामे पिस्तूल चालवताना फ्रंट साइट ज्या दिशेने उडी मारेल, त्याच दिशेला तुमचे गुण जात असतात. वीस-तीस शॉट्समध्ये चित्र स्पष्ट होते.

उभे राहण्याचीही एक तपासणी करून टाका, दोन मिनिटांचे काम आहे. पिस्तूल उचला, टार्गेटवर धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, हात सैल करून पुन्हा स्थिर करा, डोळे उघडा. साइट्स एकमेकींशी जुळलेल्या आहेत पण टार्गेटच्या डावीकडे बघतायत, तर दोष पायांचा. मागचा पाय अर्धा-एक इंच छातीच्या दिशेने पुढे सरकवा आणि पुन्हा करा. हाताने ओढून मधे आणू नका. तो हात दमल्यावर परत डावीकडेच जाणार, आणि स्पर्धेतल्या चाळिसाव्या शॉटनंतर नेमके तेच होते. पण डोळे उघडल्यावर फ्रंट साइट खाचेत एका बाजूला चिकटलेली दिसत असेल, तर पाय बरोबर आहेत आणि ग्रिप चुकीची आहे. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात.

आता सराव. रोज शंभर छर्रे हे सध्या तुमचे नुकसानच करत असावेत. शंभर वेळा एकच चूक केली तर ती पक्की होते. माझ्या पद्धतीत या पातळीच्या नेमबाजाचा निम्मा वेळ छर्‍याशिवाय जातो.

ड्राय प्रॅक्टिस घरी करा, 25 मिनिटे, आठवड्यात पाच दिवस. बहुतेक मॅच एअर पिस्तुलांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, त्यात हवा न सुटता ट्रिगर नेहमीसारखाच वाजतो. क्लबचे पिस्तूल घरी आणता येत नसेल तर रेंजवर पहिली 25 मिनिटे त्यासाठीच ठेवा. छर्‍यांचा डबा त्या वेळी दुसर्‍या खोलीत. प्रत्येक वेळी नळी तपासायची, आणि समोर भिंत असली तरी भिंतीपलीकडे कोण आहे हे माहीत हवे. पहिली दहा मिनिटे टार्गेटशिवाय, कोर्‍या पांढर्‍या कागदावर. समोर 10 नसला की डोळ्याला पळायला जागा राहत नाही, तो आपोआप फ्रंट साइटवर येतो. ट्रिगर सुटल्यावर साइट्स हलल्या का, एवढेच पाहायचे. मग पंधरा मिनिटे 10 मीटरच्या प्रमाणात छोटे केलेले टार्गेट. 3 मीटरवर सराव करत असाल तर 59.5 मिलिमीटरचा काळा गोल साधारण 18 मिलिमीटरचा हवा, आणि केंद्राची उंची 1.40 मीटर.

होल्डचा व्यायाम स्वतंत्र. पिस्तूल उचलून 20 सेकंद धरायचे, 40 सेकंद विश्रांती, असे दहा वेळा. ट्रिगरला हात नाही. दोन आठवड्यांनी 30 सेकंदांवर जा. जास्त वजन बांधून हे करू नका. खांद्याच्या छोट्या स्नायूंना दुखापत होते आणि महिना वाया जातो. वजन वाढवायचेच असेल तर पाण्याच्या बाटलीने अर्धा किलोपर्यंत, आणि तेही पिस्तूल न धरता.

रेंजवरचे छर्रे शंभरऐवजी साठ-सत्तर करा, पण प्रत्येक शॉट पूर्ण क्रमाने: उचलणे, टार्गेटच्या वर थांबणे, खाली उतरताना ट्रिगरचा पहिला टप्पा घेणे, साइट्सवर नजर, दुसरा टप्पा, आणि सुटल्यानंतर निदान दोन सेकंद तसेच उभे राहणे. छर्रा नळीतून काही मिलिसेकंदांत बाहेर पडतो, मग फॉलो थ्रू कशाला, असे लोक विचारतात. कारण 'झाले' म्हणून सैल सोडण्याची सवय हळूहळू अलीकडे सरकते आणि एक दिवस ट्रिगरच्या आधीच येऊन बसते.

सगळ्यात अवघड शिस्त म्हणजे शॉट सोडून देणे. पट्टीत स्थिर झाल्यावर सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर पिस्तूल खाली ठेवायचे. त्यानंतर डोळ्याला प्राणवायू कमी पडतो, समोरचे चित्र डोळ्यात गोठते आणि साइट्स जुळल्याचा भास होतो. सरावात दहातले दोन-तीन शॉट मुद्दाम सोडून द्या, चांगले वाटत असले तरी. स्पर्धेत हात खाली आणणे हे सवयीनेच जमते, ठरवून जमत नाही.

आठवड्याचा ढोबळ आराखडा: दोन दिवस फक्त तंत्र, स्कोअर न मोजता. एक दिवस ग्रुप, म्हणजे पाच-पाच शॉट्सचे ग्रुप आणि त्यांचा आकार. एक दिवस पूर्ण सामना, वेळ लावून. बाकी ड्राय. सामन्याचा दिवस आठवड्यात एकच पुरे. रोज सामना खेळणारा रोज परीक्षा देतो, अभ्यास कधी करत नाही.

स्पर्धेचे वेळापत्रकही मोजून घ्या. 75 मिनिटांत 60 शॉट्स म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. तुमचा स्वाभाविक वेग 45 सेकंदांचा असेल तर तीस मिनिटे शिल्लक राहतात. ती शेवटी उरवायची नाहीत, मधे वापरायची: दोन खराब शॉट्स आले की खुर्चीवर बसा, पाणी प्या, दोनदा ड्राय करा. 535 करणारे बहुतेकजण पन्नास मिनिटांत संपवून बाहेर येतात आणि मग तक्रार करतात. सायटरच्या 15 मिनिटांत वीसपेक्षा जास्त शॉट्स नकोत. नव्या रेंजवर पहिली गोष्ट प्रकाशाची पाहा. टार्गेटवर निदान 1500 लक्स प्रकाशाचा नियम आहे, पण उभे राहण्याच्या जागेवरचा प्रकाश रेंजनुसार खूप बदलतो. पुण्यातल्या बालेवाडीच्या हॉलमध्ये जशी फ्रंट साइट दिसते तशी एखाद्या शाळेच्या सभागृहात ट्यूबलाइटखाली दिसणार नाही, आणि ग्रुप वर-खाली सरकेल. ते सायटरमध्येच साइट फिरवून संपवा. सामन्यातही गरज पडली तर क्लिक द्यायला घाबरू नका. साइट न फिरवता नेमाची जागा सरकवून अंदाजाने भरपाई करणे ही त्याहून वाईट सवय.

आता खर्च कुठे करायचा, माझ्या क्रमाने.

पहिला ग्रिप. मॅच पिस्तुलांच्या ग्रिप एस, एम, एल अशा मापांत येतात आणि क्लबच्या पिस्तुलाला सहसा एम असते. ती तुमच्या हाताची नसेल तर वर सांगितलेली साइट्सची तक्रार कधीच जाणार नाही. स्वतःची ग्रिप विकत घेऊन क्लबच्या पिस्तुलावर एका बोल्टने बसवता येते, क्लबची परवानगी काढा. मग जिथे पोकळी आहे तिथे इपॉक्सी पुट्टी, आपले एम-सील चालते, आणि जिथे टोचते तिथे कानस आणि सँडपेपर. एका वेळी एकच बदल, मग निदान तीन सत्रे तसेच वापरून पाहायचे. ग्रिप चकचकीत पॉलिश करू नका. मुंबई-कोकणातल्या घामाच्या हातात ती फिरते. पुट्टी लावताना नियमांचे भान ठेवा. पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, आणि उदार हाताने भरलेली ग्रिप 50 मध्ये अडकते. तळहाताखालचा आधार वर वळवलेला नसावा, मनगट पूर्ण मोकळे दिसले पाहिजे.

दुसरी नजर. चष्मा असेल तर नेहमीच्या चष्म्याने फ्रंट साइट स्वच्छ दिसत नसण्याची शक्यता मोठी. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर मोजून न्या, ते साधारण 90 सेंटिमीटर ते 1 मीटर भरते. त्यांना सांगा की वाचनाचा नको, दूरचाही नको. दूरच्या नंबरात +0.50 वाढवून पाहणे ही चांगली सुरुवात असते. वय चाळिशीपुढे असेल तर +0.75. विशीतल्या निरोगी डोळ्याला हे सहसा लागतच नाही. दुसरा डोळा मिटू नका, त्याने नेम धरणारा डोळाही ताणतो. त्याच्यासमोर पडदी लावा, रुंदी 30 मिलिमीटरच्या आत.

तिसरा ट्रिगर. किमान 500 ग्रॅमचा नियम आहे. नळी उभी धरून, ट्रिगरच्या मध्यावर वजन टांगून, हवा भरलेली असताना तपासतात. तुमचा ट्रिगर 510-520 वर ठेवा. बरोबर 500 वर ठेवलेला ट्रिगर घरी पास होतो आणि तपासणीच्या टेबलावर नापास. एकूण वजनातले तीन-चतुर्थांश पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसर्‍यात, अशी विभागणी तुमच्या पातळीला चालेल. दुसरा टप्पा अगदी हलका केला तर घाबरलेल्या बोटाने शॉट आधीच सुटतो.

बूट सपाट तळव्याचे, घोट्याखालचे, एवढेच. महागडे नेमबाजीचे बूट आत्ता नकोत.

छर्रे चौथे. पिस्तूलसाठी 0.45 ते 0.50 ग्रॅमचे सपाट तोंडाचे मॅच छर्रे वापरतात. आरडब्ल्यूएस आर10 आणि एच अँड एन फिनाले मॅच ही नावे तुम्हाला सगळीकडे दिसतील. डब्यात 500. डोक्याचे माप 4.49, 4.50 असे छापलेले असते आणि एखादी नळी एका मापाला जास्त मानते. तपासायचे तर पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून, प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा शॉट्सचे निदान चार ग्रुप घ्या. हातात धरून छर्‍यांची चाचणी घेतली तर ती तुमचीच चाचणी होते. चांगल्या छर्‍याच्या ग्रुपमध्ये छर्‍यांचे मध्य एक-दोन मिलिमीटरच्या आत बसतात, साधा छर्रा चार-पाच मिलिमीटर पसरतो. पण 10 साठी तुमच्याकडे 16 मिलिमीटरचे वर्तुळ आहे आणि तुमचे शॉट्स सध्या 40-50 मिलिमीटरमध्ये पसरतायत. त्या पसार्‍यात छर्‍याचा वाटा रेषेवरच्या मोजक्या शॉट्सपुरता आहे. तेव्हा सरावाला बरे, स्वस्त मॅच छर्रे. स्पर्धेसाठी एका लॉटचे दोन-तीन डबे बाजूला ठेवा, आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधीपासून तेच वापरा, कारण छर्रा बदलला की ग्रुपची जागाही सरकते. घेर चेपलेला किंवा जमिनीवर पडलेला छर्रा टाकून द्या. आणि शिशाचे हात धुतल्याशिवाय वडापाव नाही.

पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरबद्दल दोन ओळी, कारण पिस्तूल स्वतःचे घेतलेत की ही डोकेदुखी तुमची. 200 बारचा सिलिंडर हळू भरायचा. झटकन भरला तर तापतो, आणि थंड झाल्यावर दाब 180 च्या खाली आलेला दिसतो. पावसाळ्यात हातपंपाने भरताना ओलावा आत जातो, त्यामुळे पंपाचा फिल्टर वेळेवर बदला. ओ-रिंगला (हवा अडवणारी रबरी कडी) फक्त सिलिकॉन ग्रीस, तेल कधीच नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर जोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. सिलिंडरवर छापलेली मुदत पाहा, बहुतेकांना ती उत्पादनापासून दहा वर्षे असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. विमानाने जाताना तो रिकामा करून न्यावा लागतो, तेव्हा तिकडे भरायची सोय आहे का, हे आधी विचारा.

राहिला गोळ्या भरण्याचा प्रश्न. 10 मीटरला तो येतच नाही. राहीने 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, त्यात .22 रिमफायर काडतूस वापरतात. त्याची ठिणगीची दारू पितळी नळकांड्याच्या बुडाच्या कडेच्या आत पसरलेली असते आणि पिन ती कडच चेपते. एकदा उडालेले काडतूस पुन्हा भरण्याजोगे राहत नाही, त्यामुळे रिमफायर सहसा कुणी भरत नाही, अमेरिकेतही नाही. तुम्ही जे व्हिडिओ पाहिलेत ते .32 किंवा 9 मिलिमीटर सेंटर फायरचे असणार. तिथे बुडाच्या मध्यावरचा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) बदलता येतो, आणि तिथले क्लबवाले सौम्य, आपल्या पिस्तुलाला मानवणारा दारूचा भार शोधण्यासाठी ते करतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. घरी भरणे हा खर्च वाचवण्याचा मार्ग नसून तुरुंगाचा आहे. 25 मीटरला जाल तेव्हा क्लब किंवा संघटनेमार्फत मिळणारी काडतुसे, आणि त्याच्या दुप्पट ड्राय प्रॅक्टिस, हाच हिशेब. तिथे ट्रिगर 1000 ग्रॅमचा असतो, त्यामुळे आत्ता 500 वर बोट सरळ ओढायला शिकलात तर तिथले अर्धे काम झालेले असेल.

4.5 मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. 0.177 इंचापर्यंतची नळी आणि 20 जूलची मर्यादा आहे, आणि मॅच पिस्तूल 5-6 जूलच्या पुढे जात नाही. तरी बिल आणि संघटनेचे ओळखपत्र पेटीत ठेवा, रेल्वेत किंवा नाक्यावर कुणी विचारले तर वाद टळतो.

मग स्वतःचे पिस्तूल कधी? माझी कसोटी अशी: ग्रिप बसवल्यावर, वेळ लावलेल्या सामन्यांची सरासरी 555 च्या वर तीन महिने टिकली, किंवा क्लबचे पिस्तूल दर वेळी वेगळे मिळत असेल. दुसरी अट आधी पूर्ण होत असेल तर थांबू नका, कारण ट्रिगर आणि साइट रोज बदलत असतील तर वरची कुठलीच तपासणी अर्थपूर्ण होणार नाही. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाउ या सगळ्यांची मॅच पिस्तुले तुमच्या गरजेपेक्षा अचूक आहेत. निवड हातात कोणती बसते, आणि दुरुस्ती व सुटे भाग कुणाचे जवळ मिळतात यावर करा. वापरलेले घेणार असाल तर सिलिंडरची तारीख पाहा, भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाब उतरला का बघा, ट्रिगरला वजन लावा, आणि शिकंज्यात एक ग्रुप मारून मागा. विकणारा ग्रुप मारू देत नसेल तर निघून या.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर गुळगुळीत असतो, पण बॅटरी जवळ ठेवावी लागते. पिस्तूल कोणतेही असो, स्पर्धेला जाताना राखीव सिलिंडर, ओ-रिंग, अ‍ॅलन की आणि शक्य असेल तर क्लबचे दुसरे पिस्तूल तपासणी करून ठेवा. 25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाच्या कॉकिंग लिव्हरमध्ये पात्रता फेरीतच बिघाड झाला. दुरुस्तीत मिनिटे गेली, उरलेले शॉट्स घाईत मारावे लागले, आणि 575 वर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

दहा सामन्यांचे आकडे आणि जोडीदाराबरोबरच्या चाचणीत साइट कुठे उडी मारते ते इथे लिहा. डोळे मिटून केलेल्या तपासणीत साइट्स जुळलेल्या दिसल्या की नाही, हेही. त्यावरून ग्रिप आधी की ट्रिगर आधी, ते नेमके सांगता येईल.